सुधारणेच्या वर्षात तुमचा सातबारा का अडला? खानदेशातल्या एका आमदाराचं उत्तर

प्रश्न जळगाव जिल्ह्यातल्या एका तरुणाचा आहे. थोडक्यात तो असा: "शंभर दिवसांचा कार्यक्रम झाला, दीडशे दिवसांचा झाला, कार्यालयं रंगवली, सगळं ऑनलाइन झालं, असं वर्षभर ऐकतोय. आमचा सातबारा मात्र अजून आजोबांच्या नावावर आहे. वडीलही दोन वर्षांपूर्वी गेले. नाव लागत नाही म्हणून शेतकरी ओळख क्रमांक निघत नाही. तलाठ्याकडे तीनदा कागद दिले. दोन आत्या सुरतेला असतात, त्यांच्या सह्यांचं काय करायचं तेही कुणी सांगत नाही. शेवटी आमदाराच्या माणसालाच गाठायचं असेल, तर ही सुधारणा झाली कुणासाठी?"

मी खानदेशातलाच आमदार आहे, ही माझी दुसरी खेप. तुमचा मतदारसंघ माझा नाही, पण तुमच्यासारखा माणूस दर मंगळवारी माझ्या कार्यालयात समोर बसलेला असतो. तुमचा राग रास्त आहे आणि त्यातला काही माझ्याही वाट्याचा आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही तीनदा कागद दिले म्हणता. तीनपैकी एकदा तरी पोच मिळाली का? प्रश्नात तिचा उल्लेख नाही, म्हणून मिळाली नाही असं धरून चालतो. माझ्या मते सगळं घोडं इथंच अडलं आहे. पोच नाही म्हणजे अर्ज कधी आला त्याची तारीख नाही. तारीख नाही म्हणजे मुदत सुरू झालेली नाही. मुदतच नाही, तर उशीर झाला हे दाखवायला तुमच्याकडे काही नाही. मग हातात उरतो फक्त वशिला.

वाईट याचं वाटतं की यासाठी नव्या कायद्याची गरजच नव्हती. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिच्या कलम १४९ मध्ये लिहिलं आहे की वारसानं मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांत तलाठ्याला द्यायची आणि तलाठ्यानं त्याची लेखी पोच लगेच द्यायची. म्हणजे तुमच्या आजोबांच्या काळापासून ही पोच तुमच्या हक्काची आहे. २००५ चा बदल्यांचा कायदा सगळ्यांना बदल्यांपुरता आठवतो. त्याचं नाव पूर्ण वाचलं तर पुढचा अर्धा भाग 'शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध' असा आहे. साधारणपणे कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाईल कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. मग २०१५ साली लोकसेवा हक्क अधिनियम आला. त्यात मुदत आली, दोन अपिलं आली, त्यावर आयोग आला, आणि कसूर करणाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये शास्ती आली. सभागृहात नवा कायदा मंजूर झाला की आम्ही बाकं वाजवतो. त्या दिवशी जुन्या कायद्यांतली किती कलमं तालुक्याच्या कपाटात झोपली आहेत, हे कुणी विचारत नाही. मीही पहिल्या खेपेत कधी विचारलं नाही.

पुढे जाण्याआधी एक सांगून टाकतो. माझा अनुभव सगळीकडे जसाच्या तसा लागू पडेल असं नाही. भुसावळ किंवा चाळीसगावसारख्या रेल्वेच्या गावात जे ऑनलाइन चालतं ते धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर चालत नाही. घरात वाद नसेल तर वारस नोंद सरळ होते, वाद असेल तर तीच वर्षानुवर्षं चालते, आणि त्यात तलाठ्याचा दोष नसतो. एका तलाठ्याकडे एक सजा, म्हणजे गावांचा एक गट आहे की तीन आहेत, यावरही बरंच ठरतं. पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे. गावाला ते अजून तलाठी आप्पाच, आणि आप्पा एकटेच.

आता सुधारणेच्या त्या वर्षाबद्दल. जानेवारी २०२५ मध्ये शंभर दिवसांचा सात कलमी आराखडा आला. संकेतस्थळ, सुकर जीवनमान, स्वच्छता, तक्रार निवारण, कार्यालयातल्या सोयी, गुंतवणुकीला चालना आणि वरिष्ठांच्या क्षेत्रीय भेटी अशी सात कलमं होती. सुरुवातीला मलाही वाटलं की झाडलोट आणि रंगरंगोटीत शंभर दिवस जातील. पण अभिलेख कक्षाच्या साफसफाईनं मला बरंच शिकवलं. सरकारी कामकाजात सहा गठ्ठ्यांची जुनी पद्धत आहे: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिक, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे. एका कार्यालयात वर्षानुवर्षांचे गठ्ठे सोडून या सहांत लावायला घेतले, तेव्हा मी तिथं थोडा वेळ थांबलो. एका कपाटाच्या तळाशी अर्जांची चळत निघाली. त्यांवर आवक क्रमांकच नव्हता. कुणी मुद्दाम लपवले असतील असं मला वाटत नाही. माणसं आली, टेबलावर कागद ठेवून गेली, टेबलावरचा माणूस बदलला, कागद कपाटात गेले. त्यात एका विधवेचा अर्ज होता, दोन वेळा घडी घातलेला, तिसऱ्या घडीवर फाटलेला. आवक नोंदवहीच्या लेखी ती बाई कधी आलेलीच नव्हती.

तेव्हापासून माझ्यासाठी सुधारणेची परीक्षा ही झाली: माणूस कार्यालयातून बाहेर पडताना त्याच्या हातात तारीख घातलेला कागद आहे का? नसेल तर आत संगणक असो की संगमरवर, माझ्या लेखी काही बदललेलं नाही.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःबद्दल आहे. माझ्याकडे येणारा माणूस बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतो: "तुम्हीन एक फोन करा ना भाऊ, काम व्हई जाई." मी फोन करायचो. काम व्हायचं. माणूस हात जोडून जायचा, मलाही बरं वाटायचं. आमच्या धंद्यात यालाच काम करणं म्हणतात. एकदा एका अव्वल कारकुनानं, निवृत्तीला थोडे दिवस राहिले होते म्हणून असेल, मला मोकळेपणानं सांगितलं, "साहेब, तुमचा फोन आला की मी हातातली फाईल खाली ठेवतो आणि तुमची वर घेतो. जी खाली ठेवली तिच्या मालकाकडं तुमचा नंबर नसतो." त्या रात्री मला झोप लागली नाही. मी ज्यांची कामं करत होतो ते माझ्यापर्यंत पोचू शकणारे होते. सातपुड्याच्या पायथ्याचा जो माणूस एसटीच्या तिकिटाचे पैसे मोजून माझ्याकडे येऊ शकत नाही, त्याला मीच रांगेत मागं ढकलत होतो.

म्हणून फोन कमी केले आणि दुसरं सुरू केलं. महिन्यातून एकदा तहसीलदार, मंडळ अधिकारी (तलाठ्याचे वरिष्ठ) आणि भूमी अभिलेखचे अधिकारी यांच्यासोबत बसायचं आणि फक्त सर्वांत जुनी दहा प्रकरणं मागायची. नाव कुणाचं, गाव कुठलं, मत कुणाला दिलं, काही विचारायचं नाही. जुनं आधी, एवढाच नियम.

सुरुवातीच्या बैठका अवघड गेल्या. यादीच तयार नव्हती, कारण अर्ज कधी आला हे प्रत्येक जण आपल्या आठवणीतून सांगत होता. मग आवक क्रमांक टाकणं आपोआप सुरू झालं, कारण त्याशिवाय यादी बनेना. हळूहळू जुनी प्रकरणं का जुनी झाली ते दिसू लागलं, आणि ती कारणं मी भाषणांत सांगत होतो त्यांहून फार वेगळी निघाली. काही ठिकाणी भावकीचा वाद होता. काही ठिकाणी मृत्यू दाखल्यावर नाव एक, सातबाऱ्यावर दुसरं. सोनू आणि सोनजी एकच माणूस, पण कागदाला ते पटत नाही. आणि एका मंडळात मंडळ अधिकाऱ्याची बदली झाली, नव्या अधिकाऱ्याच्या डिजिटल स्वाक्षरीचं डोंगल आलं नाही, म्हणून साऱ्या मंडळातले फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाच्या नोंदी, प्रमाणित व्हायचे थांबले. गावोगावचे शेतकरी तलाठ्याला दोष देत होते आणि तलाठ्याचं काम कधीच संपलेलं होतं. हे मला आधी कळलं असतं, तर मी दहा माणसांसाठी दहा फोन करण्याऐवजी एका डोंगलचा पाठपुरावा केला असता.

याची किंमतही मोजावी लागली. कार्यकर्ते नाराज झाले. "भाऊंचं आता तहसीलात चालत नाही," अशी कुजबुज बाजाराच्या दिवशी माझ्या कानावर आली. ज्याला मी अर्जाचा क्रमांक विचारतो त्याला वाटतं मी टाळतोय. रुग्णालयात कुणी अत्यवस्थ असेल, मुलाच्या प्रवेशाची उद्या शेवटची तारीख असेल, तर मी आजही फोन करतो आणि पुढेही करीन. तिथं जुनं आधी हा नियम चालत नाही. पण रोजच्या दाखल्यासाठी आमदाराचा फोन लागावा, ही त्या कार्यालयाची तशी आमदाराचीही नामुष्की आहे.

आता तुमच्या विषयाच्या अगदी जवळ येतो. मयत खातेदारांच्या वारसांची नावं लावायची 'जिवंत सातबारा' मोहीम १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर सुरू झाली. तलाठ्यानं गावात चावडी वाचन करायचं, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं गावासमोर वाचायची, मयत खातेदारांची यादी करायची, वारसांकडून कागद घ्यायचे आणि फेरफार नोंदवायचे. वर्षभरातल्या सगळ्या उपक्रमांत ही मोहीम मला सर्वांत मोलाची वाटते, कारण तिनं उलटा रस्ता धरला. अर्जदारानं कार्यालय शोधत फिरायचं नाही, कार्यालयानंच गावात मेलेल्या माणसाचं नाव शोधायचं. शेतकरी ओळख क्रमांक कृषी योजनांसाठी बंधनकारक झाल्यामुळे तिची निकडही होती. नाव आजोबांचं असेल तर ओळख क्रमांक नाही, सोसायटीचं कर्ज नातवाच्या नावावर नाही, नुकसानभरपाईही अडते.

पण या मोहिमेतच माझ्याकडून चूक झाली. आमच्याकडच्या एका शिबिरात खूप नोंदी झाल्या. मी आकडा सांगितला, फोटो टाकले. पुढे एक बाई भेटायला आली. वडिलांच्या जमिनीवर तिच्या तिघा भावांची नावं लागली होती, तिचं नव्हतं. भावांनी प्रतिज्ञापत्रात बहीण असल्याचं लिहिलंच नव्हतं. हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघाली होती, ती चावडीवर लागली होती, आणि ही सुरतेला साडीच्या कारखान्यात कामाला. तिला कोण सांगणार? फेरफार एकदा प्रमाणित झाला की मग प्रांताधिकाऱ्याकडे अपील, वकील, तारखा. ती मला म्हणाली, "भाऊ, तुम्ही फोटोत होते." एवढंच म्हणाली. वेग वाढवला तर जो गावात हजर नाही त्याचा हक्क आधी चिरडला जातो, हे मला कायद्याच्या पुस्तकातून कळलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी धरल्या. एक, चावडी वाचनात मयत खातेदाराचं नाव वाचून थांबायचं नाही. त्याची सगळी मुलं, मुलीसुद्धा, मोठ्यानं वाचायची. गावाला सगळं ठाऊक असतं. नाव सुटलं की पारावरची एखादी म्हातारी लगेच बोलते, "आन् मधली पोर कुठे गयी?" दोन, दिवस निवडताना खानदेशचं पंचांग बघायचं. आपल्याकडं दिवाळीनंतर ऊसतोडीला, गुजरातेत मजुरीला गेलेली घरं कुलुपात असतात. जानेवारीत शिबिर घेतलं तर वारसच गावात नसतात. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मात्र सगळे येतात. लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. २०२५ मध्ये आखाजी ३० एप्रिलला होती, म्हणजे मोहीम ऐन भरात असताना. ज्या गावांत आम्ही आखाजीच्या आगेमागे बसलो तिथं बहिणींच्या जबाबाचं काम अंगणातच झालं. मुंबईत बसून वेळापत्रक करणाऱ्याला आखाजी सुचणार नाही आणि त्यात त्याचा दोष नाही. ते सांगणं हे माझं काम होतं, आणि मी ते मार्च महिन्यातच सांगायला हवं होतं.

सातपुड्यातल्या पाड्यांबद्दल थोडंच लिहितो, कारण तुमचा प्रश्न सपाटीवरचा आहे. तिथं ऑनलाइन अर्ज म्हणजे डोंगर उतरून केंद्रापर्यंत जाणं, पावरी किंवा भिलीत बोलणाऱ्या माणसानं मराठीतला फॉर्म दुसऱ्याकडून भरून घेणं, आणि सर्व्हर बंद म्हणून संध्याकाळी रिकाम्या हातानं परतणं. तिथं कागदी अर्ज आणि कागदी पोच बंद करू नका, असं मी प्रत्येक बैठकीत सांगतो. शिवाय अनुसूचित जमातींना हिंदू उत्तराधिकार कायदा सरसकट लागू होत नाही, त्यामुळे वारसाचा प्रश्न तिथं वेगळ्या वाटेनं सोडवावा लागतो.

सभागृहातून काय होतं, हेही तुम्ही अप्रत्यक्षपणे विचारलं आहे. तारांकित प्रश्नाला उत्तर मिळतं, पण ते बहुधा "कार्यवाही सुरू आहे" असं असतं. लक्षवेधीला मंत्री उभे राहून आश्वासन देतात. ते आश्वासन समितीकडे जाऊन तिथं खरोखर विचारलं गेलं तर उपयोग. मला सर्वांत कामाची वाटली ती पंचायत समितीची वार्षिक आमसभा. तिचा अध्यक्ष आमदार असतो आणि तालुक्याचे सगळे खातेप्रमुख समोर बसतात. पूर्वी मी तिथं भाषण करायचो. आता गेल्या आमसभेचं इतिवृत्त हातात घेऊन एकेक ओळ विचारतो. लोकही ते इतिवृत्त मागू शकतात, तुम्हीही मागा.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. चौथ्यांदा कागद द्यायला जाल तेव्हा अर्ज दोन प्रतींत न्या. एका प्रतीवर तारीख, सही आणि शिक्का घेतल्याशिवाय निघू नका. तलाठी आप्पा सही देत नसतील तर भांडू नका. तोच अर्ज तहसील कार्यालयाच्या आवक शाखेत द्या आणि आवक क्रमांक घ्या, किंवा ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन भरा म्हणजे क्रमांक आपोआप येईल. अर्जात आजोबा आणि वडील या दोघांच्या मृत्यूच्या तारखा लिहा, दोन्ही दाखले जोडा. दोन पिढ्यांची नोंद आहे, त्यामुळे वंशावळ नीट काढा. बहुतेक अर्ज तिथंच परत येतात. नावांत फरक असेल, तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवा.

नोंद धरली की फेरफार क्रमांक मिळेल. तिथून नोटिशीचे पंधरा दिवस मोजा. हरकत आली नाही तर मंडळ अधिकाऱ्यानं ती प्रमाणित करायची असते. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं आणि सुनावणी होते. ती टाळता येत नाही आणि टाळूही नये. पंधरा दिवस उलटून काहीच हललं नाही, तर मंडळ अधिकाऱ्याच्या डोंगलची चौकशी करा, हे मी अगदी मनापासून सांगतोय. तरीही अडलं तर पोचीची प्रत घेऊन महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात तक्रारी ऐकल्या जातात त्या लोकशाही दिनाला जा. उत्पन्न, रहिवास, जात असे दाखले अडले असतील तर लोकसेवा हक्काचं पहिलं अपील मुदत संपल्यापासून तीस दिवसांत करता येतं. कोणत्या सेवेला किती दिवस आणि अपील कुणाकडं, याचा फलक कार्यालयाबाहेर असलाच पाहिजे. नसेल तर त्याचीही लेखी तक्रार करा.

एवढं करूनही काम झालं नाही तर तुमच्या आमदाराकडे जरूर जा. पण जाताना "फोन करा" म्हणू नका. पोच पुढं ठेवा आणि विचारा, "माझ्या आधी किती जण थांबले आहेत?"

राहिल्या आत्या. त्यांच्या सह्यांशिवाय काम कसं उरकेल, असा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी देईलच. तो ऐकू नका. दोघींची नावं वंशावळीत पहिल्याच दिवशी लिहा, त्यांचे सुरतेचे पत्ते द्या, म्हणजे नोटीस तिथं जाईल. त्यांना हिस्सा नको असेल तर नोंद झाल्यावर त्या नोंदणीकृत हक्कसोडपत्र देऊ शकतात, तो त्यांचा निर्णय. आजच दोघींना फोन लावा, आजोबांच्या जमिनीवर तुमचीही नावं लावतोय म्हणून सांगा, आणि आखाजीला येताना आधार कार्ड सोबत आणायला सांगा.